भाड्याचं घर: घरमालक आणि भाडेकरू दोघंही सारखे विचारतात ते प्रश्न

पुण्यात घरोघरी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन भाडेकरार रजिस्टर करून द्यायचं हे माझं काम. सही-अंगठा व्हायला वीस मिनिटं लागतात, पण चहा येईपर्यंत लोक जे विचारतात ते तास-तास चालतं, आणि नंतर व्हॉट्सअॅपवर परत तेच. म्हणून एकदा लिहूनच काढलं. मी वकील नाही. भांडण कोर्टापर्यंत गेलं असेल तर वकीलच गाठा. आणि हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, बाहेरचं शेवटी प्रश्न १८ मध्ये.

१. अॅग्रीमेंट अकराच महिन्यांचं का करतात? बारा केलं तर काय होतं?

काही होत नाही. १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करायलाच लागतो, म्हणून ते टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली आणि ती अजून चालू आहे. पण महाराष्ट्रात आता दोन महिन्यांचा करार असला तरी रजिस्टर करावा लागतो, त्यामुळे अकराचा फायदा शून्य. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देणारा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो. भाडेकरू चांगला असेल तर सरळ चोवीस किंवा छत्तीसचं करा, दरवर्षी मला बोलवायचा खर्च वाचेल (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय).

२. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलं तर चालतं ना? आमच्याकडे सगळे तसंच करतात.

नाही चालत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. केलं नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कैदेपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, जी कोणी सांगत नाही. रजिस्टर नसेल आणि वाद झाला, तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलटं सिद्ध करत नाही तोपर्यंत. म्हणजे तो म्हणाला भाडं आठच हजार ठरलं होतं, तर अठरा होतं हे तुम्ही शाबीत करत बसा. हजार-दोन हजार वाचवायला जाऊन घरमालक स्वतःचाच हात कापून घेतो.

३. रजिस्ट्रेशनला एकूण खर्च किती येतो आणि तो कोणी भरायचा?

स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारं काही डिपॉझिट असेल तर ते, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. उदाहरण घ्या: भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत २४ महिने. भाडं झालं ४,८०,०००, डिपॉझिटवरचं व्याज दोन वर्षांचं १२,०००, एकूण ४,९२,०००, त्याचे पाव टक्का म्हणजे १,२३०. रजिस्ट्रेशन फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. वर पोर्टलचं हाताळणी शुल्क आणि माझ्यासारख्याची घरी यायची फी.

कोण भरणार हे आपसात ठरतं, पुण्यात बहुतेक वेळा निम्मं-निम्मं. एजंट जर 'सगळं मिळून आठ हजार' म्हणाला तर चलन मागा. चलनावर सरकारी रक्कम छापलेली असते, उरलेली त्याची.

४. आईचा अंगठाच लागत नाही मशीनवर, काय करू?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतोच. आयुष्यभर भांडी घासलेल्या, भाकऱ्या थापलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. एका आजींची दहाच्या दहा बोटं लावून झाली, मशीन लाल ते लालच, त्या मला म्हणाल्या "म्हणजे मी आहे की नाही ते तुझं मशीन ठरवणार का रे?" शेवटी बोटं कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, किंचित व्हॅसलीन लावलं आणि डाव्या हाताच्या अनामिकेने काम झालं. तेव्हा आधी हे करून बघा. तरी नाहीच झालं तर आधारला बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करा.

५. घरमालक अमेरिकेत आहे, तो सही कशी करणार?

ऑनलाइन रजिस्ट्रेशनला सगळ्यांचं आधार लागतं, त्यामुळे परदेशातला मालक सहसा इथल्या भावाला नाहीतर आई-वडिलांना कुलमुखत्यारपत्र देतो. ते तिकडच्या नोटरीसमोर किंवा भारतीय दूतावासात सही केलेलं पाहिजे, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यायची. भाडेकरूने ते पत्र नुसतं 'आहे' म्हणाले म्हणून सोडून देऊ नका, वाचा. त्यात घर भाड्याने द्यायचा आणि डिपॉझिट घ्यायचा अधिकार लिहिलेला आहे का बघा, नुसतं 'मेंटेनन्स भरणे, सोसायटीच्या मीटिंगला जाणे' एवढंच असलेली पत्रंही मी पाहिली आहेत. अशा घराचं भाडं भरताना टॅक्सचं एक लचांड आहे, ते प्रश्न १३ मध्ये.

६. भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, खरं का?

नाही. बारा वर्षांची गोष्ट आहे ती प्रतिकूल कब्जाची, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय, उघडपणे, त्याचा हक्क नाकारून बसलेल्या माणसाची. तुमच्या परवानगीने भाडं भरून राहणारा त्यात बसतच नाही, बारा काय बावीस वर्षं राहू दे.

ही भीती आली कुठून तेही सांगतो. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्यात भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवलं होतं आणि भाडेकरूला काढणं जवळपास अशक्य होतं. म्हणून मालकांनी 'भाडेकरू नाही, लायसन्सी' (नुसत्या परवानगीवर राहणारा) अशी वाट काढली. मग कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी घरात राहत होते ते एका फटक्यात भाडेकरू झाले. ज्यांच्या आजोबांचं घर असं गेलं त्यांच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात, आणि म्हणून आजही बरेच मालक फ्लॅट कुलूप लावून ठेवतात पण भाड्याने देत नाहीत. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा कायदा लागू आहे आणि त्यात लायसन्सवर दिलेल्या घराबाबत कायदा मालकाच्याच बाजूने झुकलेला आहे, ते प्रश्न १० वाचलं की कळेल.

७. डिपॉझिट किती घेऊ शकतात? व्हॉट्सअॅपवर आलंय की आता दोनच महिन्यांचं घ्यायचा नियम झालाय.

तो फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी नवीन कपडे घालून येतो. केंद्राने २०२१ मध्ये एक आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिने आणि दुकान-ऑफिसला सहा महिने अशी मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे, त्यात लायसन्सच्या डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. म्हणजे जे ठरेल ते. पुण्यात दोन-तीन महिने, मुंबईत तीन ते सहा असं साधारण चालतं. किती दिलं यापेक्षा कसं दिलं ते बघा: बँकेतून द्या, आणि करारात पूर्ण आकडा लिहून घ्या. 'स्टॅम्प ड्युटी वाचेल, कागदावर कमी दाखवू' म्हणाले तर सरळ नाही म्हणा, कारण वाचणारी ड्युटी शंभर-दोनशेची असते आणि बुडणारी रक्कम पन्नास हजारांची.

८. घर सोडताना मालकाने रंगकाम, साफसफाई, खिळे असं सगळं धरून अर्धं डिपॉझिट कापलं. हे बरोबर आहे का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि यात दोन्ही बाजूंना थोडं थोडं चुकलेलं असतं.

तत्त्व असं आहे की घर जसं घेतलं तसं परत करायचं, पण वापरून होणारी नेहमीची झीज सोडून. दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडतो, नळाचा वॉशर जातो, दाराची कडी सैल होते, ही झीज, तिचे पैसे मालकाने धरू नयेत. बेसिन फुटलं, ओट्याच्या ग्रॅनाइटला तडा गेला, पोराने हॉलच्या भिंतीवर क्रेयॉनने आगगाडी काढली, हे नुकसान, ते भाडेकरूचं. मधलं सगळं वादाचं. मागे एका फ्लॅटला मालक मोबाईलचा टॉर्च लावून खिळ्यांची भोकं मोजत होते, एक, दोन, तीन करत सतरा, आणि भाडेकरूची बायको मागून म्हणत होती "अहो त्यातली अकरा आम्ही आलो तेव्हाच होती." कोणाकडेच फोटो नव्हते. सतरा भोकांचे चार हजार ठरले, दोघंही चिडून गेले.

पण करारात 'घर सोडताना रंगाचा खर्च एक महिन्याचं भाडं' असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही सही केलीय, तर मग झीज-बिज काही चालत नाही, तुम्ही ते कबूल केलंय. बऱ्याच करारांत हे वाक्य असतं आणि कोणी वाचत नाही.

तेव्हा चावी घेताना रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, सगळे नळ चालू करून, गीझर लावून, टॉयलेटचा फ्लश ओढून, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा. पंखे, ट्यूब, पडद्याचे रॉड याची यादी कराराला जोडा. आणि वीज बिलाची मागची थकबाकी नाही ना हे महावितरणच्या साइटवर ग्राहक क्रमांक टाकून बघा, मीटर रीडिंगचा फोटो काढा.

पैसे अडकलेच असतील तर आधी लेखी मागा, कापलेल्या रकमेची बिलं मागा. मग वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने. बरीच प्रकरणं नोटिशीलाच मिटतात. त्यापुढे दिवाणी दावा, त्याला तीन वर्षांची मुदत असते. चाळीस हजारांसाठी कोर्टात जायचं का हा हिशोब ज्याचा त्याने करावा.

९. डिपॉझिट परत देणार नाही असं वाटतंय, तर शेवटचे दोन महिने भाडंच न भरता त्यात वळतं करू का?

हे सर्रास चालतं, पण मालकाच्या लेखी होकाराशिवाय करू नका. करारात बहुधा लिहिलेलं असतं की डिपॉझिट भाड्यात वळतं होणार नाही, मग कागदोपत्री थकबाकीदार तुम्ही. मालकाची बाजूही समजून घ्या, वीज-गॅसचं शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि तेव्हा त्याच्या हातात काही उरत नाही. मधला मार्ग: एक महिना वळता, बाकी चावी देताना त्याच वेळी ट्रान्सफर. एका हाताने चावी, दुसऱ्या हाताने पैसे. 'उद्या टाकतो'ला भुलू नका.

१०. मुदत संपली तरी भाडेकरू घर सोडत नाही, फोन उचलत नाही. काय करायचं?

करार रजिस्टर आहे ना? मग तुमची बाजू भक्कम आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर ताबडतोब मोकळं करून द्यावं लागतं, आणि नाही दिलं तर राहील त्या काळासाठी कराराच्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. यासाठी नेहमीच्या कोर्टात जायची गरज नाही, सक्षम प्राधिकारी म्हणून वेगळे अधिकारी नेमलेले आहेत, त्यांच्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने प्रतिज्ञापत्र देऊन 'मला लढायची परवानगी द्या' म्हणावं लागतं, नाही म्हटलं तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश निघतो. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा असतो. रजिस्टर नसेल तर मात्र तिथे उभं राहायलाच अडचण येते, प्रश्न २ परत वाचा.

एक चूक मालक करतात, मुदत संपल्यावर पण दर महिन्याचं भाडं निमूटपणे खात्यात घेत राहतात. घ्यायचं असेल तर मेसेजमध्ये स्पष्ट लिहा की ही नुकसानभरपाई म्हणून घेतोय, करार वाढवलेला नाही.

मुदत बाकी असताना भाडं थकलं तर ते जास्त किचकट. त्यासाठी करारातच 'सलग दोन महिने भाडं थकल्यास नोटीस देऊन करार रद्द' असं कलम पाहिजे, आणि नोटीस लेखीच.

११. मग पाणी-लाईट तोडली किंवा कुलूपच बदललं तर लवकर निघेल ना?

निघेल की नाही माहीत नाही, तुमच्यावर तक्रार मात्र नक्की होईल. विनाकारण पाणी-वीज तोडू नये यासाठी भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ खास आहे. सामान बाहेर काढून ठेवलं की पोलीस स्टेशन, मग 'माझे दागिने होते आत' हे पण सुरू. हक्काची केस असून लोक अशी स्वतःच बिघडवतात.

१२. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे आणि मधेच नोकरी गेली, गाव सोडावं लागतंय. उरलेलं सगळं भाडं द्यायचं?

कराराप्रमाणे हो. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडायचंच नाही असं करारात ठरलेलं असतं तो काळ. नोटीस पिरियड आणि लॉक-इन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लॉक-इनमध्ये एक महिन्याची नोटीस देऊनही सुटका नाही. व्यवहारात मात्र तोडगा निघतो, तुम्ही स्वतः दुसरा भाडेकरू शोधून द्या, मालकाला रिकामं घर राहण्याचीच भीती असते. आणि लॉक-इन दोघांनाही लागू आहे असं लिहिलंय ना ते आधीच बघा, नाहीतर फक्त तुम्ही बांधलेले आणि मालक मोकळा.

१३. भाड्यावर टीडीएस कापायचा असतो का? आणि एचआरएसाठी मालक पॅन देत नाही.

महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस, म्हणजे मालकाचा आयकर भाड्यातून आधीच, कापायचा, ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे, आधी ५ होता. मालक परदेशस्थ असेल तर ही ५०,००० ची सूट नाही, भाडं पंधरा हजार असलं तरी कापायचं, दर ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२. हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि नोटीस भाडेकरूला येते. मालकाने आयकर खात्याकडून कमी दराचं सर्टिफिकेट आणलं तर कमी कापता येतं.

एचआरएला (पगारातल्या घरभाडे भत्त्याला) वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो. तो करारात आधीच टाकून घ्या, नंतर कोणी देत नाही.

१४. सोसायटी म्हणते आमच्या एनओसीशिवाय घर देता येणार नाही, आणि बॅचलर तर नकोच.

सोसायट्यांच्या २०१४ च्या मॉडेल उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) घर लायसन्सवर द्यायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची, झालं. बॅचलर चालणार नाहीत असं उपविधींत कुठेही नाही. तरी प्रत्यक्षात वॉचमन टेम्पो गेटवर अडवतो आणि चेअरमन साहेब फोन घेत नाहीत, हेही मी पाहिलंय. भांडण्याआधी मालकाने सेक्रेटरीला रीतसर पत्र देऊन पोच घ्यावी, पोच हातात असली की सूर बदलतो.

बिनवहिवाट शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते आणि ज्याला सगळे नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात, ते १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्सच्या नाही, महापालिकेचा टॅक्स त्यात धरायचा नाही. सेवा शुल्क २,००० असेल तर जास्तीत जास्त २००. आणि घरात सख्खा भाऊ, बहीण, आई-वडील, मुलगा, मुलगी, जावई, सून, नातवंडं राहत असतील तर काहीच नाही.

१५. रजिस्टर अॅग्रीमेंट केलंय, आता पोलीस व्हेरिफिकेशन कशाला?

कारण ते वेगळं आहे. पुणे-मुंबईत पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात की भाडेकरूची माहिती द्या, नाही दिली तर घरमालकावर गुन्हा होऊ शकतो. ऑनलाइन फॉर्म असतो, पोलिसांच्या साइटवर. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर २४ तासांत त्याची माहिती द्यायची, ती वेगळीच.

१६. हेवी डिपॉझिटवर घर मिळतंय, भाडं शून्य. घेऊ का?

दहा-पंधरा लाख द्यायचे, भाडं नाही, सोडताना पूर्ण परत. ऐकायला मस्त. पण मालकाने ते पैसे कुठेतरी वापरलेत, नाहीतर घेतले कशाला असते? सोडायच्या दिवशी तो पुढच्या हेवी डिपॉझिटवाल्याची वाट बघतो आणि तुम्ही त्याची. घरावर कर्ज असेल आणि हप्ते थकले तर बँक ताब्यासाठी येते, तिला तुमच्या डिपॉझिटशी घेणं-देणं नसतं. घ्यायचंच असेल तर करार रजिस्टर, पैसे बँकेतून, आणि मालकाकडून कर्जाचं स्टेटमेंट. माझा सल्ला विचाराल तर नको.

१७. मधेच मालकाने फ्लॅट विकला, किंवा मालक वारला. आमचं काय?

इथे लायसन्स आणि भाडेपट्टा यातला फरक जाणवतो. लायसन्स म्हणजे नुसती राहायची परवानगी, जागेत हक्क नाही. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे नवीन खरेदीदार जुन्या मालकाच्या लायसन्सला बांधील नसतो. म्हणजे लॉक-इन कितीही असला तरी नवीन मालक 'निघा' म्हणू शकतो, आणि डिपॉझिट तर त्याने घेतलेलंच नाही. विक्री कानावर आली की लगेच जुन्या मालकाकडून डिपॉझिट घ्या किंवा तिघांमध्ये लेखी करून घ्या की ते नव्याकडे गेलं.

मालक वारला तर वारस त्याच्या जागी येतात, मुदत संपल्यावर घर मागायचा हक्क त्यांना मिळतो, डिपॉझिटही त्यांच्याकडेच मागायचं. वारसांत भांडण असेल तर भाडं कोणाच्या खात्यात टाकू हे सगळ्यांकडून लेखी घ्या. आणि लायसन्सी वारला तर त्याच्या मुलांना ते घर वारशाने मिळत नाही. पागडीच्या खोलीत (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाड्याच्या खोलीत) मिळतं, घरात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला. गिरगाव, लालबागच्या पागडीचा कायदा तोच १९९९ चा, पण कलमं निराळी, तिथे भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. तुमच्या फ्लॅटच्या भाडेवाढीला हे ४ टक्के लागू नाहीत, तिथे करारात लिहिलं तेवढंच.

१८. दुकानासाठी किंवा गोव्यात, बंगळुरूत घेतलेल्या घरासाठी पण हेच नियम ना?

दुकानाला रजिस्ट्रेशन लागतंच, पण प्रश्न १० मधला सक्षम प्राधिकाऱ्याचा झटपट रस्ता फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकान अडवून बसला तर लघुवाद न्यायालय किंवा दिवाणी कोर्ट, आणि तिथे वेळ लागतो. म्हणून दुकान देताना डिपॉझिट जास्त घेतात.

गोव्यात १९६८ चा वेगळा भाडे कायदा आहे. बंगळुरूत दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागायची जुनी रीत, तिथे गेलेली आपली पोरं फोन करून "काका, कलम २४ दाखवू का त्याला?" विचारतात. नको रे बाबा, ते कलम सोलापूरच्या पुढे हद्द ओलांडली की संपतं, तिथला वकील गाठ.